हाती आले धुपाटणे
प्राचीन अरबस्तानातील मंदिरे, त्यांतील धूप आणि राखेतून उलगडलेला इतिहास

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे’ ही म्हण आपण सर्वजण जाणतो. ज्याचे सर्व काही गेले आणि हाती निरुपयोगी वस्तू तेवढी उरली, अशा माणसाविषयी ती वापरली जाते. परंतु जगात एक वर्ग असा आहे की, त्याच्या हाती धुपाटणे आले तर त्याला आनंदच होतो. हा वर्ग म्हणजे पुराणवस्तू-संशोधकांचा. दक्षिण अरबस्तानातील प्राचीन मंदिरांतले सोने-नाणे केव्हाच लुटले गेले, छपराचे लाकूड वाळवीने खाल्ले, कांस्याच्या मूर्ती वितळवून लोकांनी भांडी केली. मागे उरले ते दगडाचे चौकोनी धुपाटणे आणि त्याच्या तळाशी चिकटलेला काळा थर. आज याच काळ्या थराने अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या अरबांच्या धर्माचा, व्यापाराचा आणि घरगुती जीवनाचा एक मोठा अध्याय उघडून दाखविला आहे.

या मंदिरांत काय जाळले जात होते, ते कोठून येत होते, एवढ्या काळानंतर ते कसे ओळखता येते, आणि मुख्य म्हणजे आमच्या मुला-मुलींनी हा विषय का शिकावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुगंधाचा देश

अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि उंट उभे राहतात. वस्तुतः अरबस्तानचा दक्षिण भाग, म्हणजे आजचा यमन आणि ओमानचा जफार प्रांत, हा डोंगरांचा व काही ठिकाणी मोसमी पावसाचा प्रदेश आहे. येथे सबा, मईन, कतबान आणि हजरमौत ही राज्ये इसवी सनापूर्वी कित्येक शतके नांदत होती. पुढे हिम्यर राज्याने हा सर्व भाग आपल्या अंमलाखाली आणला. पवित्र कुरआनातील ३४ व्या सूरहचे नावच ‘सबा’ आहे. तीत या लोकांच्या दोन बागांचा आणि बंधारा फुटून आलेल्या महापुराचा उल्लेख येतो. २७ व्या सूरहमध्ये सबाच्या राणीची हकीकत आहे आणि तिची प्रजा सूर्याला नमन करीत होती असे सांगितले आहे. म्हणजे या देशाचे नाव आमच्या मकतबातल्या लहान मुलाच्याही कानावरून गेलेले असते. तो नकाशात कोठे आहे, एवढेच त्याला कोणी दाखविलेले नसते.

या देशाच्या वैभवाचे मूळ दोन काटक, खुरट्या झाडांत होते. पहिले लोबानाचे झाड. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘बॉस्वेलिया सॅक्रा’ म्हणतात. त्याच्या सालीला चीर दिली की दुधासारखा पांढरा चीक पाझरतो, काही दिवसांत वाळून त्याचे खडे बनतात. अरबी भाषेत ‘लबन’ म्हणजे दूध, आणि त्याच धातूपासून ‘लुबान’ हा शब्द आला. दुसरे झाड बोळाचे. आपल्याकडे बाळंतिणीला जो हिराबोळ देतात, तोच हा डिंक. या दोन्ही झाडांची भावंडे भारतातही आहेत. विदर्भाच्या आणि सातपुड्याच्या जंगलातील सालई ही लोबानाची सख्खी बहीण, तर गुग्गुळ हा बोळाचा भाऊ होय.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. आपल्या बाजारात ‘लोबान’ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा अरबस्तानातील लोबान नसते. ते सुमात्रा बेटाकडील एका वेगळ्याच झाडाचे राळेसारखे द्रव्य असते. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जाव्याकडचे लोबान, म्हणत असत. खरे अरबी लोबान आपल्याकडे अत्ताराच्या दुकानात ‘कुंदुर’ या नावाने मागावे लागते.

मंदिर, पुजारी आणि बाजार

सबाची राजधानी मारिब. तेथील अल्मकह या मुख्य दैवताचे अवाम नावाचे मंदिर प्रसिद्ध आहे. स्थानिक लोक त्याला ‘महरम बिल्कीस’ म्हणतात. प्रचंड लंबवर्तुळाकार तट, प्रवेशद्वारापाशी एका ओळीत उभे असलेले आठ उंच खांब आणि भिंतींवर कोरलेले शेकडो लेख असे त्याचे रूप आहे. अमेरिकन पथकाने १९५१-५२ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले. परंतु परिस्थिती बिघडल्यामुळे त्या पथकाला सामानसुमान टाकून घाईघाईने देश सोडावा लागला. १९९८ मध्ये ते काम पुन्हा हाती घेण्यात आले. जवळचे बरआन मंदिर ‘अर्श बिल्कीस’ म्हणजे बिल्कीसचे सिंहासन या नावाने ओळखले जाते. जर्मन तज्ज्ञांनी त्याची डागडुजी केली.

या मंदिरांचा आणि धूपद्रव्यांचा संबंध केवळ पूजेपुरता नव्हता. इ.स.पू. ३०० च्या सुमारास थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाने एक मनोरंजक माहिती नोंदवून ठेवली आहे. सबा देशातील लोक आपले लोबान व बोळ सूर्यमंदिरात आणून ढीग घालीत. प्रत्येक ढिगावर एक पाटी असे, तिच्यावर मापांची संख्या व भाव लिहिलेला असे. व्यापारी येऊन पाट्या वाचीत, पसंत पडलेल्या ढिगाच्या जागी पैसे ठेवीत आणि माल उचलून नेत. मग पुजारी येऊन त्या पैशातील तिसरा हिस्सा देवासाठी घेई. उरलेले पैसे मालकाची वाट पाहत तेथेच पडून राहत, कोणी त्याला हात लावीत नसे.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने थोडी निराळी हकीकत दिली. (हा प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला.) त्याच्या म्हणण्याप्रमाणे सर्व लोबान उंटांवरून हजरमौतच्या राजधानीत, म्हणजे शब्वा येथे, आणावे लागे. त्यासाठी शहराचा एकच दरवाजा खुला असे आणि राजमार्ग सोडून जाणाऱ्याला देहदंड होता. तेथे पुजारी देवासाठी दहावा हिस्सा घेत, तोही वजनाने नव्हे तर मापाने. तो दिल्यावाचून विक्री होत नसे. लोबान काढण्याचा हक्क तीन हजार कुटुंबांकडे वंशपरंपरेने होता, असेही तो लिहितो. कतबानची राजधानी तिम्ना येथून भूमध्य समुद्रावरील गाझापर्यंतचा मार्ग उंटांच्या पासष्ट मजलांचा होता आणि वाटेतील कर, चारा, पाणी, पहारेकरी मिळून एका उंटामागे ६८८ दीनार खर्च येई.

विद्यार्थी मित्रांनी येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. एक लेखक तिसरा हिस्सा म्हणतो, दुसरा दहावा म्हणतो. यांपैकी खोटे कोण? कदाचित कोणीच नाही. दोघांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, एक सबाविषयी बोलतो तर दुसरा हजरमौतविषयी, आणि दोघांनीही तो देश स्वतः पाहिलेला नव्हता. इतिहास वाचताना ‘कोण म्हणाले’ याच्याबरोबर ‘केव्हा, कोठल्याविषयी आणि कोणाच्या तोंडून ऐकून म्हणाले’ हे विचारावे लागते. हदीसच्या अभ्यासकांनी रिवायतीची परंपरा तपासण्याचे जे शास्त्र उभारले, त्याचाही मूळ प्रश्न हाच आहे.

या मालाचे गिऱ्हाईक केवढे होते, याची कल्पना हिरोडोटसच्या एका नोंदीवरून येते. बाबिलोनच्या मोठ्या वेदीवर दरवर्षी एक हजार टॅलेंट लोबान जाळले जाई असे तो लिहितो. आजच्या हिशेबाने ते पंचवीस ते तीस टन होते. आकडा फुगविलेला असेलही, पण मागणी खोटी नव्हती.

धुपाटणे बोलू लागते

ग्रीक-रोमन लेखकांचे हे सर्व म्हणणे म्हणजे परक्यांनी ऐकून लिहिलेली साक्ष झाली. अरबांची स्वतःची साक्ष काय? ती धुपाटण्यांवरच कोरलेली सापडली. दक्षिण अरबस्तानात चुनखडीच्या दगडाची, चार पायांची, वीतभर उंचीची असंख्य धुपाटणी मिळाली आहेत. कित्येकांवर चंद्रकोर आणि वर्तुळ कोरलेले आहे. काहींच्या चार बाजूंवर चार सुगंधी द्रव्यांची नावे कोरलेली आहेत. कुस्त, रंद, लादन, जरू अशी ही नावे आहेत. यांतील जरू हा पिस्त्याच्या जातीच्या झाडाचा डिंक समजतात. मंदिरात केवळ लोबानच जळत होते, ही समजूत या नावांनी खोटी ठरविली.

यांतील ‘कुस्त’ हे नाव आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. संस्कृतातील ‘कुष्ठ’, मराठीतील कोष्ठ किंवा उपलेट, म्हणजेच हे कुस्त. याचे मूळ काश्मीरकडील हिमालयात होते. हिमालयातील मुळी समुद्रमार्गे अरबस्तानात जाऊन तेथील धुपाटण्यावर नाव कोरण्याइतकी रुळली. हदीस-संग्रहांतही औषध म्हणून ‘कुस्त हिंदी’चा उल्लेख येतो. हा व्यापार एकतर्फी नव्हता. जफारच्या किनाऱ्यावर खोर रोरी येथे हजरमौतच्या राजांनी वसविलेले सुम्हुरम नावाचे तटबंदीचे बंदर आहे. तेथे एका स्त्रीची छोटी कांस्यमूर्ती सापडली, तिची घडण स्पष्टपणे भारतीय आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिले आहे की, मोसम टळला तर भारताकडची जहाजे याच किनाऱ्यावर हिवाळा काढीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन राजाच्या अधिकाऱ्यांकडून लोबान घेत. त्याच पुस्तकात आपल्या कोकणपट्टीतील कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची नावे आहेत. सोकोत्रा बेटावरील होक नावाच्या खोल गुहेत तर धुपाटण्यांबरोबर भारतीय खलाशांनी ब्राह्मी लिपीत लिहिलेली आपली नावे सापडली आहेत.

परंतु धुपाटण्यावर नाव कोरले म्हणजे तीच वस्तू त्यात जाळली असे सिद्ध होत नाही. डब्यावर ‘साखर’ लिहिले असले तरी आत मीठ असू शकते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. आत काय होते ते पाहण्यासाठी राखच तपासावी लागते.

राखेची परीक्षा

पूर्वी हे शक्य नव्हते. १९३७-३८ च्या हिवाळ्यात गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीने हजरमौतमधील हुरैजा येथे ‘सीन’ या दैवताचे मंदिर खणून काढले. दक्षिण अरबस्तानात शास्त्रशुद्ध उत्खनन करणाऱ्या पहिल्या संशोधकांपैकी ती एक होती. त्या काळी आणि त्यानंतरही अनेक वर्षे जगभरचे संग्रहालयवाले सापडलेली धुपाटणी स्वच्छ धुऊन, घासून काचेच्या कपाटात ठेवीत. आज त्याची हळहळ वाटते, कारण जी घाण म्हणून धुतली गेली तीच खरी साक्षीदार होती.

डिंक जळतो तेव्हा त्याचा सुगंध उडून जातो, पण त्यातील काही चिकट घटक दगडाच्या किंवा मातीच्या बारीक छिद्रांत मुरून बसतात. शास्त्रज्ञ त्या थराची चिमूटभर भुकटी घेतात, ती द्रावणात विरघळवितात आणि यंत्राच्या साहाय्याने तिचे घटक वेगळे करून प्रत्येकाचे वजन पाहतात. प्रत्येक झाडाच्या डिंकात काही घटक असे असतात की ते दुसऱ्या झाडात सहसा आढळत नाहीत. लोबानातील अशा घटकांना ‘बॉस्वेलिक आम्ले’ म्हणतात. हे घटक म्हणजे त्या झाडाच्या अंगठ्याचा ठसाच. १९९७ मध्ये नाईलकाठच्या कस्र इब्रीम येथे सापडलेल्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या डिंकात हा ठसा मिळाला आणि तो डिंक लोबानच असल्याची खात्री पटली. तेव्हापासून या पद्धतीला जोर आला.

वायव्य अरबस्तानात तैमा नावाचे प्राचीन ओॲसिस आहे. बाबिलोनचा राजा नबोनिदस याने इ.स.पू. सहाव्या शतकात आपली राजधानी सोडून सुमारे दहा वर्षे येथे मुक्काम केला होता. २००४ पासून सौदी व जर्मन तज्ज्ञ तेथे एकत्र काम करू लागले. तेथील धुपाटण्यांच्या थरात लोबान, बोळ आणि पिस्त्याच्या जातीचा डिंक अशा तीन द्रव्यांचे ठसे सापडले. जागेनुसार धूपही बदलत होता, असे त्यांवरून दिसून आले. आपल्याकडेही लग्नघरी शिंपडायचे अत्तर वेगळे आणि मयताला लावायचा कापूर वेगळा असतो, तसेच हे म्हणता येईल.

याच मार्गाच्या उत्तर टोकाकडे, प्राचीन यहुदा राज्याच्या दक्षिण सीमेवर, अराद येथे इ.स.पू. आठव्या शतकातील एक देवालय आहे. अरबस्तानातून गेलेला माल तेथे कसा वापरला जाई हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात कळले. तेथील दोन दगडी वेदींपैकी मोठीवर लोबान होते आणि त्यात जनावराची चरबी मिसळलेली होती. लहानीवर भांगेच्या झाडाचा अंश आणि शेण होते. चरबीमुळे आच वाढते आणि लोबानाचा सुगंध नीट सुटतो, शेणाची धग मंद असते. म्हणजे कोणत्या द्रव्याला किती आच द्यावी, हे त्या काळच्या पुजाऱ्यांना अनुभवाने माहीत होते.

२०२५ मध्ये तैम्याहूनही वायव्येस असलेल्या कुरय्या या ठिकाणची माहिती प्रसिद्ध झाली. तेथील सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या धूपपात्रांत हरमल या वनस्पतीचे अंश मिळाले. हरमल जाळल्याचा, कालनिर्णय झालेला, हा आतापर्यंतचा सर्वांत जुना पुरावा होय. हरमलाला आपण इस्पंदही म्हणतो. इराणपासून भारतापर्यंत अनेक घरांत दृष्ट काढण्यासाठी त्याची धुरी देतात. कुरय्याचा हा पुरावा मंदिरातला नसून लोकांच्या राहत्या घरांतला आहे. एका बाजूला राजाचे मंदिर आणि मौल्यवान लोबान, तर दुसऱ्या बाजूला साध्या माणसाचे घर आणि माळावर फुकट उगवणारे हरमल. धुरी केवळ देवासाठी नव्हती, ती औषध म्हणूनही होती. हरमलात मनावर व शरीरावर परिणाम करणारी द्रव्ये असतात हे रसायनशास्त्राने सिद्ध केलेले आहे. अधिक प्रमाणात ते विषारीही आहे, हे पालकांनी विसरू नये.

कोळसा आणि बी

डिंकाखेरीज जळक्या लाकडाचा कोळसा आणि करपलेल्या बियाही मंदिरांच्या मातीत मिळतात. लाकूड कोळसा झाले तरी त्याच्या आतील पेशींची रचना कायम राहते. तो कोळसा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बाभळीच्या जातीचा आहे, झाऊचा आहे की बोरीचा आहे, हे सांगता येते. कुरआनात सबाच्या महापुरानंतर उगवलेल्या झाडांत झाऊ आणि बोरीचा उल्लेख आहे. ही दोन्ही आजही त्या भागातील ओळखीची झाडे आहेत. मात्र कोळशावरून वर्ष ठरविताना सावध राहावे लागते. दोनशे वर्षे उभे असलेले झाड आज तोडून जाळले, तर त्याच्या गाभ्यातील कोळसा दोनशे वर्षांनी जुना दिसतो. खजुराची बी किंवा धान्याचा दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. म्हणून संशोधकाला मोठ्या ओंडक्यापेक्षा एक करपलेली बी अधिक मोलाची वाटते.

राखेला जे ठाऊक नाही

एवढे सर्व झाले तरी राखेचीही एक मर्यादा आहे. काय जाळले, हे राख सांगते. कोणासाठी आणि कोणत्या भावनेने जाळले, हे राख कधीच सांगू शकत नाही. देवतेपुढे जाळलेले लोबान आणि खोलीतील कुबट वास जावा म्हणून जाळलेले लोबान, दोघांची राख यंत्राला सारखीच. हा फरक कळण्यासाठी शिलालेख, ग्रंथ आणि लोकांच्या चालीरीती यांचाच आधार घ्यावा लागतो.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील यमनचे उदाहरण घ्या. सुमारे इ.स. ३८० पासून हिम्यरच्या राजांच्या लेखांतून जुन्या देवतांची नावे नाहीशी होतात. त्यांच्या जागी एकच ‘आकाशाचा स्वामी’ येतो आणि पुढे त्यालाच ‘रहमानान’ म्हटलेले आढळते. ‘रहमान’ या शब्दाशी असलेले त्याचे नाते अरबी जाणणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल. ज्या अवाम मंदिरात शेकडो नवसाचे लेख कोरले गेले, तेथे याच सुमारास लेख कोरणे थांबते. म्हणजे दक्षिण अरबस्तानातील मोठ्या मंदिरांतील धुपाटणी इस्लामच्या आगमनापूर्वी दोनशे वर्षांहून अधिक काळ आधीच विझू लागली होती. हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. तिकडे रोममध्ये सम्राट थिओडोसिअसने इ.स. ३९२ मध्ये देवतांपुढे धूप जाळण्यास कायद्याने बंदी केली.

पण म्हणून लोबानाची झाडे कोणी तोडून टाकली नाहीत. सुगंध राहिला, त्याचा हेतू बदलला. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) ऊद आणि कापूर यांची धुरी घेत आणि प्रेषित (स.) असेच करीत असे सांगत, अशी रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. मदीनेत प्रेषितांच्या मशिदीत धुरी देणारे नुऐम या गृहस्थांना लोक ‘अल्‌मुज्मिर’, म्हणजे धुपाटणेवाले, म्हणू लागले आणि हदीसच्या परंपरेत त्यांचे नाव त्याच बिरुदासह कायम झाले. येथे वेदी नाही, दैवताला नैवेद्य नाही, पुजाऱ्याचा दहावा हिस्सा नाही. जमलेल्या माणसांना प्रसन्न वाटावे, जागा स्वच्छ व सुगंधी असावी, एवढाच उद्देश. वस्तू तीच, धूर तोच, परंतु नियत निराळी. कर्माचे मोल नियतवर ठरते हे तत्त्व मदरशात आपण तोंडपाठ करतो. इतिहासात ते कसे घडून आले, हे येथे पाहावयास मिळते.

आपल्या घरांतील लोबानाविषयी कधीकधी वाद होतात. कोणी म्हणतो की गुरुवारी संध्याकाळी लोबान घातलाच पाहिजे, तर कोणी म्हणतो की ही जाहिलियतची खूण आहे. याविषयी मत देण्याचा अधिकार उलेमांचा आहे, आणि तो या लेखाचा हेतूही नाही. परंतु इतिहास एवढे निश्चित सांगतो की, केवळ धूर पाहून कोणाच्या मनातील श्रद्धेचा निकाल देता येत नाही. मराठी माणसाच्या घराघरांतील ‘उदबत्ती’ या शब्दातही अरबी ‘ऊद’च दडलेला आहे. ती लावणाऱ्या आजीला त्याची कल्पनाही नसते.

आमच्या मुलांनी हे का शिकावे?

काही पालकांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. मूर्तिपूजकांच्या मंदिरांचा अभ्यास आमच्या मुलांनी कशासाठी करावा? या शंकेला आपल्या पूर्वसूरींनीच कृतीने उत्तर दिले आहे. नवव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे इ.स. ८२० च्या सुमारास, निधन पावलेल्या हिशाम इब्नुल कल्बी यांनी ‘किताबुल अस्नाम’ या ग्रंथात इस्लामपूर्व अरबांच्या मूर्तींची आणि देवस्थानांची माहिती जतन करून ठेवली. दहाव्या शतकात यमनचे अल्‌हमदानी यांनी ‘अल्‌इक्लील’ या ग्रंथाच्या आठव्या भागात जुन्या गढ्या व वास्तू यांचे वर्णन केले आणि जुन्या ‘मुस्नद’ लिपीची अक्षरेही दिली. १८४१ च्या सुमारास जर्मनीत गेसेनिउस आणि र्‍योडिगर यांनी या लिपीचा उलगडा केला, तेव्हा अरबी हस्तलिखितांत जपलेल्या अशा वर्णमाला त्यांच्या उपयोगी पडल्या. मुसलमान विद्वानांनी ही अक्षरे ‘जाहिलियतची’ म्हणून टाकून दिली असती तर सबाचे लेख आणखी कित्येक वर्षे मुके राहिले असते. जमिनीवर फिरून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, हा आदेश तर कुरआनात वारंवार आला आहे. पाहा म्हटले आहे, डोळे झाका म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट अशी की, या विषयात आमच्या मुलांचे पाऊल आधीच पुढे आहे. मुस्नद लिपीची एकोणतीस अक्षरे आहेत आणि ती सामान्यतः अरबीप्रमाणेच उजवीकडून डावीकडे लिहितात. तिची भाषा अरबीच्या कुळातली. ज्या मुलाने मकतबात अरबी अक्षरे गिरवली आहेत, त्याला ‘कुस्त’, ‘लुबान’, ‘रहमान’ हे शब्द परके नाहीत. युरोपातील विद्यार्थ्याला जे पहिल्यापासून शिकावे लागते, त्याचा श्रीगणेशा आमच्या मुलाने सात वर्षांचा असतानाच केलेला असतो. परंतु अक्षर ओळखणे आणि अर्थ जाणणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडण्यास व्याकरण पाहिजे, इतिहास पाहिजे, आणि आता रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्रही पाहिजे.

तिसरी गोष्ट. ‘मुलीला विज्ञान शाखेला घालून काय करायचे?’ असे विचारणारे पालक अद्यापही भेटतात. हुरैजाचे मंदिर एका स्त्रीने खणले. आज सूक्ष्मदर्शकाखाली कोळसा पाहणारे आणि डिंकाचा ठसा शोधणारे हातही अनेक ठिकाणी स्त्रियांचेच आहेत. या कामाला लागते ती चिकाटी, स्वच्छ हात आणि वस्तूंची पारख. कोणता मसाला जुना झाला, कोणत्या डब्यात काय होते, हे वासावरून ओळखणाऱ्या आमच्या आया-बहिणींत हे गुण काही कमी नाहीत. कमी आहे ती संधी आणि घरचे प्रोत्साहन.

शेवटी एक दुःखाची बाब सांगितली पाहिजे. मारिबच्या प्राचीन बंधाऱ्याच्या अवशेषांना २०१५ मध्ये हवाई हल्ल्यात इजा पोहोचली. जानेवारी २०२३ मध्ये युनेस्कोने मारिब परिसरातील सबाच्या अवशेषांना जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली आणि त्याच वेळी त्यांचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीतही घातले. ज्या धुपाटण्यांनी अडीच हजार वर्षे आपली राख सांभाळली, ती चोरबाजारात विकली जाताना पुन्हा धुऊन-पुसून चकचकीत केली जातात, आणि त्यांची साक्ष कायमची नष्ट होते. जुन्या वस्तूचे मोल तिच्या चकाकीत नसून तिला चिकटलेल्या मातीत आहे, एवढे जरी आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. आपल्या गावातील जुन्या मशिदीचा शिलालेख, पडक्या गढीतील भांडे, आजोबांच्या पेटीतील कागद यांनाही हाच नियम लागू आहे. ते घासू नका, रंगवू नका, फेकू नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा.